इटालियन मोटारीचा निवाडा

यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, कागद बोलतो, फोटो तर सर्रास बोलतो. पण यंत्राच्या अंगात लबाडी नसते. बत्तीस वर्षं कोल्हापुरात मोटारी दुरुस्त केल्यावर हे एक सत्य माझ्या पदरात पडलं, असं मी निवृत्तीच्या सत्कारात गळ्यात हार असताना सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझा धंद्यातला भागीदार दस्तगीर होता. घरी जाताना तो म्हणाला, "मिस्त्री, भाषण झ्याक झालं. फकस्त कुरुंदवाडची मोटार सांगायची राहिली."

राहिली नव्हती. मी ती टाळली होती. आता हार सुकून गेला आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही.

उद्यमनगरात आमचं गॅरेज होतं. इंजिन आणि वायरिंग माझ्याकडे, पत्रा आणि वेल्डिंग दस्तगीरकडे. बाहेरच्यांना वाटतं, मेकॅनिक गाडीचा आवाज ऐकून दुखणं ओळखतो. ते नंतरचं. आधी मालकाचा आवाज ऐकावा लागतो आणि त्यातलं किती सोडून द्यायचं हे ठरवावं लागतं. एक वकील तीन वेळा गाडी घेऊन आले. वळणावर डाव्या बाजूनं घरंगळल्यासारखा आवाज येतो म्हणाले. पुढची चाकं, सांधे सगळं आम्ही उघडून पाहिलं. शेवटी दस्तगीरनं सीट उचललं, तर खाली पितळी तांब्या. वकीलसाहेब तांब्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा आमचा नव्हे." एक पैलवान गिअरची दांडी हातात घेऊन चालत आला. गाडी तालमीपाशी उभी होती. "मिस्त्री, ह्ये आपसूक आलं," असं तो इतक्या निरागसपणे म्हणाला की मी दांडीलाच दोष दिला.

या धंद्यात माझं थोडं नाव झालं ते एका पंपाच्या इंजिनामुळे. शिरोळ भागातल्या एका बागायतदाराला कुणीतरी ते परदेशी म्हणून विकलं होतं. मी कोपऱ्यातला रंग खरवडला, कानस मारली आणि खालचं ओतीव लोखंड बघून सांगितलं की हे फार तर जवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीतून आलं आहे. हे बागायतदार म्हणजे बापूसाहेब. कृष्णेच्या काठाला, कुरुंदवाडच्या अलीकडे त्यांचं गाव. ऊस भरपूर, आवाज त्याहून भरपूर. त्या दिवसापासून खरं-खोटं ओळखणारा माणूस म्हणून ते माझी चारचौघांत शिफारस करू लागले. मलाही ते आवडू लागलं. पुढच्या प्रकरणाचं मूळ यातच आहे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असावी. एके दिवशी सकाळी रस्त्यावर गलका ऐकू आला म्हणून बाहेर आलो. सगळ्यात पुढे दोन गडी खांद्यावर लाकडी फळ्या घेऊन चालत होते. त्यांच्या मागे लालभडक, जमिनीला पोट टेकलेली, पाचरीसारखी एक मोटार. तिच्या मागे ट्रॅक्टर. खड्डा आला की गडी फळ्या टाकत, मोटार फळ्यांवरून अंग चोरत पलीकडे जाई, गडी फळ्या उचलत आणि पुन्हा पुढे धावत. सपाट रस्ता लागला की गडी ट्रॅक्टरवर बसत. कुरुंदवाडहून कोल्हापूरला यायला त्यांना साडेपाच तास लागले होते. ट्रॅक्टर एकटा आला असता तर तीन तासांत पोचला असता.

मोटारीचं दार उघडलं आणि बापूसाहेब बाहेर आले. बाहेर आले म्हणजे आधी एक पाय, मग दोन्ही हात जमिनीवर, मग बाकीचे बापूसाहेब.

"मिस्त्री," ते धूळ झटकत म्हणाले, "ही खरी का खोटी, तेवढं सांगा. दुसरं काय करू नगा."

मोटार इटलीची होती. नाव मी सांगत नाही. नाव घेतलं की वाचक तिच्याबद्दल ऐकलेलं सगळं आठवू लागतात आणि मी सांगतो त्याकडे दुर्लक्ष करतात. एवढं पुरे की जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांत तिची गणना होती. ती बापूंचे थोरले भाऊ, अण्णा, यांनी आणली होती. अण्णा अमेरिकेत पंधरा वर्षं डॉक्टर होते आणि आता कायमचे परत आले होते. कायमचं परत येणाऱ्याला तेव्हा स्वतःची मोटार आणता येत असे. गावी आल्यावर दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की ही मोटार आणि आपल्याकडचा रस्ता एकमेकांसाठी बनलेले नाहीत. मग भावाभावांत अदलाबदल ठरली. अण्णांनी मोटार बापूंना द्यायची, बापूंनी आपल्या वाटणीतली रस्त्याकडेची चार एकर अण्णांना बंगल्यासाठी द्यायची. बापूंनी आनंदानं दिली. कारण ही मोटार त्यांनी दहा वर्षं रोज पाहिली होती.

त्यांनी खिशातून घडी घातलेलं चित्र काढलं. अण्णांनीच कधीतरी परदेशी मासिकातून कापून पाठवलेलं. दहा वर्षं बापूंच्या उशाकडच्या भिंतीवर होतं. त्यांनी ते मोटारीच्या बॉनेटवर पसरलं आणि मुलगी बघायला आलेल्या माणसासारखे फोटोकडे आणि मोटारीकडे आळीपाळीनं बघू लागले.

"ह्यात बंपर कसा हाय? मिशीसारखा बारीक. आणि हिला बगा. म्हशीच्या वठासारखा काळा रबराचा! ह्यात कडंला दिवं हायती? न्हाईत. हिला चार कोपऱ्याला चार दिवं, पुढं पिवळं, मागं तांबडं, वरातीसारखं. पेट्रोल भराय गेलो, तर टाकीचं तोंड एवढंसं! पंपावरची नळी आत जाईना. नरसाळं लावून घालतो मी, घासलेट घातल्यागत. पंपावरचा म्हणतोय, पावणं, गाडी तुमची हाय का कुणाची मागून आणलीया?"

"अजून काही?"

"आत बसा म्हंजे कळंल."

मी आत बसलो. किल्ली फिरवली. मोटार गुरगुरण्याआधी कर्कश बझर वाजला. पट्टा बांधल्याशिवाय तो थांबत नाही. मी पट्टा बांधला. "ही गाडी मला रागावती," बापू खिडकीतून म्हणाले. मग मी मीटर पाहिला आणि पुन्हा पाहिला. वेगाचा काटा पंच्याऐंशीला संपत होता. मैल म्हणावेत तरी एकशेपस्तीस-चाळीस किलोमीटरच्या पुढे कारखान्याला आशाच नव्हती. माझ्या दारात उभी असलेली खिळखिळी जीपसुद्धा मीटरवर याच्या जवळपास जायची स्वप्नं बघत होती.

"साखर कारखान्यावर समदी हसत्यात," बापू म्हणाले. "आणि ह्ये बगा." त्यांनी एका लहान काचेवर बोट ठेवलं. आत दिवा होता आणि काचेवर इंग्रजीत लिहिलं होतं, हळू चालवा. "जयसिंगपूरच्या पुढं जरा दाबली की ह्यो पेटतो. सांगा मिस्त्री, पळायसाठी केलेल्या गाडीत कुठल्या कंपनीचा बाप असलं लिहील? ह्ये अण्णानं मुद्दाम बसवलंय. ल्हानपणापास्नं त्याचं एकच, बाप्या सावकाश, बाप्या सावकाश."

हसू आलं, पण बापूंचा चेहरा पाहून मी ते गिळलं. सहा महिने दोघे भाऊ एका घरात राहून बोलत नव्हते. बापूंच्या मते अण्णांनी खरी मोटार अमेरिकेत विकली आणि तिची नक्कल गावी आणून चार एकर लाटली. अण्णांनी एकदाच सांगितलं होतं की अमेरिकेत ही मोटार अशीच मिळते, तिथला कायदाच तसा आहे. त्यानंतर आपल्यावर संशय घेतला या रागानं त्यांनी तोंड मिटलं होतं. त्यांच्या आई, ज्यांना सगळं गाव अव्वा म्हणे, दोघांच्या मध्ये बसून जेवत आणि एकाचा निरोप दुसऱ्याला सांगत. मीठ वाढ एवढं सांगायलाही त्याच.

"खंडेनवमीला मोटारीची पूजा हाय," बापू म्हणाले. "तवा तुमी गावात या आणि सांगा. तुमी पंच. खरी असंल तर मी अण्णाच्या पाया पडीन. खोटी असंल तर त्याच दिशी चूल येगळी. अव्वा कुठं ऱ्हाईल ती ऱ्हाईल."

आमच्याकडे वाटणीचा वाद पंचांपुढे नेतात आणि पंचांचा शब्द दोघं पाळतात. बांध कुठं, विहिरीची पाळी कुणाची, असे प्रश्न असतात. अडाणी पंचही बांधावर उभा राहून निवाडा देऊ शकतो. इटलीच्या मोटारीचा पंच होण्याचा मान जिल्ह्यात बहुधा मलाच पहिल्यांदा मिळाला. मी तो नाकारायला हवा होता. पण पंपाच्या इंजिनाचं कौतुक अजून कानात होतं.

आठ दिवस मोटार आमच्याकडे होती. गॅरेजसमोर रोज गर्दी. ज्यांच्याकडे सायकलही नव्हती असे लोक इंजिनाबद्दल मत देऊन जात. इंजिन सीटच्या मागे आहे हे कळल्यावर एका गृहस्थांनी हीच मुख्य चूक असल्याचं सांगितलं.

मी चित्र समोर ठेवून एकेक फरक वहीत लिहिला. मी वाचणारा माणूस. वाचनालयातल्या जाड इंग्रजी पुस्तकांतून शिकलो, त्यामुळे छापलेल्या गोष्टीवर माझा फार विश्वास. दस्तगीर चौथीपर्यंत शिकलेला. त्यानं चित्राकडे ढुंकून पाहिलं नाही. तो मोटारीखाली पाठीवर पडून दिवसभर बोटं फिरवत राहिला. तिसऱ्या दिवशी बाहेर येऊन म्हणाला, "मिस्त्री, ह्ये कडेचं दिवं मागनं बसवलेलं न्हाईत."

"कशावरून?"

"भोकं बघ. मागनं पाडलेलं भोक असलं तर कडेला उघडा पत्रा दिसतो, न्हाय तर हातानं मारलेला ब्रश. हितं भोकाच्या आतपतूर कंपनीचा रंग उतरलाय. म्हंजे भोक आधी, रंग मागनं. बंपरच्या नटावर बी त्योच रंग. हे आईच्या पोटातनंच असं आलंय."

"मग चित्र खोटं?"

"चित्र मी काढलंय व्हय? मी पत्रा बघितला, पत्र्याचं सांगितलं."

मी त्याला समजावलं. दोनशे मैल पळणाऱ्या गाडीला पंच्याऐंशीचा मीटर, टाकीला मुद्दाम लहान केलेलं तोंड, वर हळू चालवा म्हणणारा दिवा. एवढा मूर्खपणा कुठल्याही देशाचा कायदा करणार नाही, असं मी म्हणालो. लायसन, परमिट आणि परवान्यांच्या देशात पंचेचाळीस वर्षं काढलेल्या माणसानं हे वाक्य उच्चारलं, याची नोंद व्हावी.

दस्तगीरनं हात फडक्याला पुसले. मग त्यानं मला डाव्या दाराशी नेलं. दार उघडल्यावर जी चौकट दिसते, तिच्यावर अंबाबाईचा छोटा रंगीत फोटो चिकटवला होता. मोटार दारात आली त्या दिवशी अव्वांनी लावलेला. "ह्येच्या खाली कागद हाय," दस्तगीर म्हणाला. "कड बघ. पांढरी पट्टी दिसतीया. कंपनीचा असणार. त्यावर काय तरी लिवलेलं असंल."

"मग काढ की फोटो."

"मी? मी न्हाय बाबा. उद्या गावात सांगतील, दस्तगीरनं देवी काढली. तूच काढ. तू तर देव मानत न्हाईस."

"मी देव मानत नाही. पण अव्वांना मानतो."

फोटोला कुणीच हात लावला नाही. मग मी दार लावलं.

हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा दोष म्हणता येईल. आम्ही इंजिनाचा शेवटचा बोल्ट काढतो, पण डॅशबोर्डावरच्या देवाला हात लावत नाही. किती वायरिंगचे बिघाड गणपतीच्या मागे दडून राहिले असतील, त्याची गणती नाही.

मी निवाडा ठरवला आणि मला तो फार शहाणपणाचा वाटला. मोटार खरी आहे, पण अमेरिकेत कुणीतरी तिच्यावर ही अवजड जोडकामं केली आणि अण्णांना तशीच विकली. म्हणजे अण्णा लबाड नाहीत, बापूही वेडे नाहीत. कुणीतरी तिसरा, समुद्रापलीकडचा, दोषी. पंचाला याहून सोयीचा आरोपी मिळणार नाही. बापूंना निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं, मग चित्राप्रमाणे करून टाका, पूजेला मोटार चित्रासारखी पाहिजे.

आम्ही केली. बंपर उतरवले, आतला ॲल्युमिनियमचा जाड गज पाहून दस्तगीर हळहळला, पण त्यानं पत्रा ठोकून मिशीसारखे बारीक बंपर बनवले आणि ते चित्रातल्यापेक्षा सुबक झाले. कडेच्या दिव्यांची भोकं बुजवून लाल रंग मारला. टाकीचं तोंड कापून मोठं केलं. धुराच्या नळीत मध्येच एक फुगीर डबा होता, आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी. ती चोंदली होती. काढून सरळ नळी जोडली. हळू चालवा म्हणणारा दिवा त्यानंतर पेटेनासा झाला, तरी खबरदारी म्हणून मी त्याचा बल्बही काढला. राहिला मीटर. तो आमच्या गल्लीतल्या पेंटरकडे दिला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा उत्तम हात. त्यानं पंच्याऐंशी पुसून त्याच जागी तीनशेवीस लिहिले आणि मधले आकडे समान अंतरावर भरून काढले. मागच्या काचेवर स्टेअरिंग डावीकडे आहे ही इंग्रजी सूचना त्यानं वेलबुट्टीसह लिहिली. ती मी सांगितली नव्हती, पण छान दिसत होती.

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या गॅरेजातली पूजा उरकली. ती दरवर्षी दस्तगीरच करतो. टेबलावरच्या व्हाइसच्या पकडीला झेंडू, वेल्डिंगच्या मशीनला हळद-कुंकू, शेवटी मलाही. मग आम्ही दोघे मोटार घेऊन निघालो. हातकणंगल्याच्या पुढे सरळ रस्ता लागला तेव्हा बापू वाटेत सामोरे आले आणि स्वतः चालवायला बसले. मी शेजारी, दस्तगीर बापूंच्या जीपमधून मागे. बापूंनी पाय दाबला. काटा चढत गेला. शंभर, सव्वाशे, दीडशे. बापूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मिस्त्री, दीडशे! आणि पोटातलं पाणी हालंना!"

"गाडीच तशी आहे," मी म्हणालो. आम्ही दीडशेच्या वेगात असताना दूध संघाच्या टेम्पोनं हॉर्न वाजवून आम्हाला मागे टाकलं. बापूंनी तो पाहिला नाही, किंवा पाहून सोडून दिला.

गावात अंगणात मांडव घातला होता. भावकी जमली होती. अव्वा नऊवारीत, हातात पूजेचं ताट घेऊन उभ्या. ऐंशीच्या घरातल्या, काटकुळ्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "इंजिन कुटं हाय?"

"मागं, अव्वा."

"मग फुडं काय हाय?"

"बॅग ठेवायची जागा."

अव्वांनी क्षणभर विचार केला आणि दोन्हीकडे कुंकू लावलं. अण्णा ओसरीवर खुर्चीत बसले होते. सोनेरी काडीचा चष्मा, पांढरा सदरा. मोटारीकडे बघून ते उठून उभे राहिले.

बापूंनी मला पुढे केलं. मी निवाडा दिला. मोटार खरी, जोडकाम खोटं, ते आम्ही काढून टाकलं. शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणालो, "अण्णांचा यात दोष नाही. परक्या देशात त्यांचीच फसवणूक झाली."

मला वाटलं होतं, आता अंगणात सुस्कारा सुटेल. सुटला तो अण्णांचा आवाज. तोवर ते पुण्यासारखं शुद्ध मराठी बोलत असत म्हणे. पंधरा वर्षांची अमेरिका आणि कॉलेजचं पुणं एका दमात गळून पडलं.

"कोण फसलं? मी? ए मिस्त्री, मला लबाड म्हण, मी ऐकून घेतो. सहा म्हयनं ऐकतोयच की! पर मी बावळट? पंधरा वरसं माणसांची काळजं उघडून शिवली मी, आणि मला कुणी बंपर चिकटवून मोटार इकली? कुठं हायती माझं दिवं? मीटरला काय केलंस? तीनशेवीस? आरं, ह्यो मीटर हाय का लग्नाची पत्रिका?"

"अण्णा, भावकीपुढं वरडू नगंस," बापू म्हणाले. सहा महिन्यांत ते थेट बोललेलं पहिलंच वाक्य, आणि तेही भांडणाचं. "पंचांनी सांगितलं. आता फसलास तर फसलास म्हण. मी बी पंपाला फसलो हुतो."

"न्हाय म्हणणार! उद्याच माझी चूल येगळी. चार एकर नगं, मोटार नगं, काय बी नगं."

अव्वा ताट घेऊन घाईनं दोघांच्या मध्ये आल्या. तबकातली सुपारी गडगडत खाली गेली, ती कुणी उचलली नाही. माझा शहाणपणाचा निवाडा जे घर वाचवायला गेला होता, तेच डोळ्यांसमोर दुभंगत होतं.

"पूजा पुरी करू दे मला," अव्वा म्हणाल्या. "मग काय त्या चुली मांडा." त्या मोटारीच्या डाव्या दाराशी गेल्या. दर खंडेनवमीला जुना फोटो विसर्जन करून नवा लावायचा, ही त्यांची रीत. घरातल्या ट्रॅक्टरलाही तशीच. त्यांनी ओल्या फडक्यानं अंबाबाईचा फोटो भिजवला, नमस्कार केला आणि नखानं कड उचलली. फोटो सगळा निघाला. खाली पांढरी, चौकोनी, इंग्रजी अक्षरांची पट्टी.

"ह्यो कागूद आधीच हुता," अव्वा म्हणाल्या. "पांढरा, चौकोनी. मला वाटलं देवीसाठीच जागा सोडलीया."

मी दस्तगीरकडे पाहिलं नाही. तो माझ्याकडे बघत होता, हे न पाहताही कळत होतं.

अण्णा खाली उतरले. चष्मा सारखा करून त्यांनी पट्टी वाचली आणि मग मोठ्यानं, एकेका शब्दावर थांबत, मराठीत सांगितली. इटलीतल्या त्या कारखान्याचं नाव. तयार झाल्याचा महिना. मोटारीचा नंबर, जो सांगाड्यावर कोरला होता तोच. आणि खाली, ही मोटार तयार झाली त्या दिवशी अमेरिकेत लागू असलेल्या सुरक्षेच्या आणि बंपरच्या सगळ्या नियमांप्रमाणे बनवली आहे.

"आणि बंपरच्या," अण्णांनी पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

नंतर मला सगळं कळलं. तो कारखाना एकच मोटार देशागणिक वेगळी करत असे. युरोपातल्यांना मिशीसारखा बंपर. अमेरिकेसाठी रबराचा, कारण तिथं हळू ठोकर बसली तर काही मोडता कामा नये. तिथं रात्री आडवी मोटार दिसावी म्हणून कडेला दिवे. लोकांनी वेगाचा मोह धरू नये म्हणून सरकारनं काही वर्षं मीटरच पंच्याऐंशीला संपवले होते. पेट्रोल बिनशिशाचं, आणि शिशाचं चुकून कुणी भरू नये म्हणून टाकीचं तोंड लहान. तो फुगीर डबा धूर स्वच्छ करण्यासाठी. आपल्याकडच्या शिशाच्या पेट्रोलनं तो चोंदला, तापला आणि दिव्यानं इमानदारीनं सांगितलं, हळू चालवा. मोटारीचा शब्दन्‌शब्द खरा होता. त्या डब्यात प्लॅटिनम असतं, हेही मी पुढे वाचनालयात वाचलं. तोवर ती जाळी दस्तगीरच्या घरी मोगऱ्याच्या कुंडीखाली गेली होती.

पण अंगणात तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. बापू पट्टीपाशी उकिडवे बसले होते. इंग्रजी त्यांना वाचता येत होतं, तरी ते बोटानं चाचपून बघत होते.

"म्हंजे अण्णा खरं बोलत हुता," ते म्हणाले. मग उठले आणि भावाच्या पाया पडायला वाकले. अण्णांनी त्यांना अर्ध्यात धरलं. "राहू दे रे बाप्या. सावकाश." आणि दोघं एकदम माझ्याकडे वळले.

"बंपर कुठं हायती?" बापूंनी विचारलं.

"शिरोलीला," मी म्हणालो. "फाउंड्रीत."

"मग आणा की!"

"वितळलं," दस्तगीरनं सांगितलं. "पुल्या झाल्या त्येंच्या."

"आणि दिवं?" अण्णा.

"भोकं बुजवली."

"आणि माझा मीटर? माझा मीटर खरवडला ह्या माणसानं!" बापू.

"तुला म्हणून सांगतो बापू, हा मनुष्य वाचून बिघडलेला आहे," अण्णा.

"पयल्यापास्नंच मला संशय हुता," बापू म्हणाले, ज्यांनी दहा वर्षं जिल्हाभर माझी शिफारस केली होती.

सहा महिन्यांनी दोघे भाऊ एका बाजूला उभे होते. दुसऱ्या बाजूला मी. एकानं वाक्य सुरू करावं, दुसऱ्यानं पुरं करावं, अशी त्यांची जोडी जमली. अव्वा मधे येऊन बसल्या नाहीत. त्यांनी ताट खाली ठेवलं, नवा फोटो दाराच्या आतल्या अंगाला लावला, त्या कागदावर नाही, आणि आत जाऊन पानं वाढायला घेतली. आम्हालाही जेवायला बसवलं. माझ्या पानात पुरणपोळी वाढताना त्या हळूच म्हणाल्या, "तुमी चुकलासा ते बरं झालं." इतक्या सरळ शब्दांत माझ्या कामाचं कौतुक कुणी केलेलं नाही. मी ते सत्कारातल्या भाषणात घेतलं नव्हतं.

परत आम्ही एसटीनं आलो. शिरोली आल्यावर दस्तगीर म्हणाला, "पत्र्याचं इचारलंस, मी सांगितलं हुतं." त्यानंतर मी कुठल्याही वादात पंच झालो नाही, आणि भोकाच्या कडा त्यानं बघितल्याशिवाय एकाही गाडीबद्दल मत दिलं नाही. एक चांगलं, खरं, दूरदेशाहून आलेलं यंत्र मी माझ्या हातानं खोटं केलं, याची खंत मात्र आहे.

पुढे अण्णांचा बंगला त्या चार एकरांत झाला. चुली दोन झाल्या, पण भांडून नव्हे. अण्णांच्या बायकोला गॅस हवा होता. मोटारीबद्दल दोघांत आता नवा आग्रह सुरू झाला. अण्णा म्हणत, मोटार तुझी. बापू म्हणत, तुझी तू ठेव, मला मोटार नको, तुझा शब्द हवा. शेवटी ती दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी राहिली आणि तिथंच राहिली. उन्हाळ्यात अव्वांनी दोन्ही घरांचे सांडगे तिच्या बॉनेटवर वाळत घातले. सपाट, गुळगुळीत आणि लवकर तापणारा पत्रा. पण मोटार जमिनीला फार जवळ असल्यामुळे कुत्र्यांना सहज वर चढता येई. त्यामुळे पुढच्या वर्षी सांडगे घराच्या छपरावर गेले.